टकलं रान

४ जुलै १९५७
बाजरी पेरली एकदाची. ह्यांनी चाकणला शेतीखात्याच्या माणसाचं ऐकलं – ओळी दीड फुटावर, बी निम्मं. मामंजी बांधावरून ओरडले, "मधली जागा कुनाला रं? म्हशीला लोळायला?" ह्यांचे कान लाल!

२० जुलै
उगवलं. गावानं नावही ठेवलं – टकलं रान! पाणवठ्यावर ठकुबाई विचारते, "तुजा नवरा रानात बाजरीची ताटं मोजतो म्हनं?" मी म्हटलं, "व्हय, रोज नावानं हाका मारतो." घरी येऊन ह्यांना सांगितलं. हसले नाहीत.

६ ऑगस्ट
गवताची काडी नाही, तरी हे पुन्हा कोळपं घेऊन निघाले! म्हणे, माती भुसभुशीत राहिली की ओल टिकते. मी म्हटलं, "रानाला इतकं विंचरता, कधी माझी वेणी घातलीत?" पुन्हा कान लाल.

११ ऑगस्ट
मारुंजीचे रंगराव आज मुलासाठी कुशावन्संना बघायला येणार होते. पोहे झाले, वन्सं नवं लुगडं नेसून बसल्या. पाहुणे घरापर्यंत आलेच नाहीत! बांधाशी गाडी थांबवली, रान बघितलं. "पीक असं, तर घरात खायला काय?" म्हणाले आणि बैल तिथूनच वळवले.
मामंजी ह्यांना म्हणाले, "बहिनीचं लगीन मोडलंस तू." हे जेवले नाहीत. मलाही चेष्टा सुचेना.
वन्संनी लुगडं पेटीत ठेवलं अन् सगळे पोहे एकटीनं खाल्ले.

१९ ऑगस्ट
आभाळ कोरडं. बापलेकांचा अबोला.

१ सप्टेंबर
गणपतीही कोरडे गेले. शेजाऱ्यांची दाट बाजरी करपली. आमची उभी – हिरवी! मोठ्यानं म्हणत नाही. दृष्ट लागायची.

१४ ऑक्टोबर
खळं भरलं. मामंजी खळ्यावर आलेल्यांना सांगत होते, "पोराला मीच म्हनलं व्हतं, लांब लांब पेर." ह्यांना हसू दाबता दाबता ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारल्या. जरा जोरातच!

६ नोव्हेंबर
रंगराव पुन्हा आले, या वेळी थेट ओसरीवर. आमच्या बाजरीची तारीफ केली आणि लग्नाची तिथीच विचारली. मामंजी खुलले. तेवढ्यात वन्सं आतून आल्या, उभ्याच राहिल्या. "रान बघून माघारी गेले, रान बघून आले. मला कुनी बघितलंच न्हाई, आबा. मी न्हाई जायची."
मामंजींनी पाहुण्यांना पान दिलं. सुपारी फोडली नाही.