टेपचं दुसरं टोक

ता. ३ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

अगं नाही, घराला किती विटा लागल्या ते मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न झालं, मान खाली घालून आत शिरले, संपलं. सुनेला भिंतीचं वजन विचारणारी तू जगातली पहिलीच.

तुमच्या ऑफिसात म्हणे देशोदेशीची राहती घरं मोजतात. कुठं किती लाकूड, किती लोखंड, किती सिमेंट. म्हणजे उद्या घर पाडलं तर काय काय परत वापरता येईल ते कळावं. उभ्या घरात पडलेलं घर बघायचं आणि वर पगार घ्यायचा! तुझे बाबा असते तर हसून हसून खाटेवरून पडले असते.

तर घे. भिंत दीड हात जाड, आत वीट, वरून मातीचा गिलावा. समोरची लांबी एकतीस फूट. माळ्याला तुळया नऊ. खिडक्यांच्या चौकटी चार, त्यातली एक नवी. स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेली फळी, नवी. मागच्या दारी लाकडी कठडा, तोही नवा. लोखंड म्हणशील तर खिळे, कड्या आणि तुझी आई.

लोभ असू दे. टेपसारखा गुंडाळून खिशात घालू नकोस.
तुझी आई

ता. १४ जून

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

तुझे आकडे अख्ख्या ऑफिसात फिरले. तसल्या घरात एवढं लाकूड आमच्या तक्त्यात बसतच नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, तुझी आई होडीत राहते का? तू नक्की कपाट-पलंगही मोजलेस. आई, नियम सोपा आहे: घराला पक्कं बसलंय ते घर, उचलून नेता येतं ते सामान. सामान धरायचं नाही. पुन्हा मोज.

आणि एकतीस फुटांची भिंत एकटीनं कशी मोजलीस? त्या गुडघ्यानं माळ्यावर चढलीस? आता पुरे. घर घेणारा तयार आहे, थंडीच्या आत पाडून नवं बांधेल. इथं माझ्याकडे तुझी खोली मी रंगवून ठेवलीय. फोन नुसता वाजत राहिला की तू जमिनीवर पडलेली दिसतेस मला. बाबा गेल्यापासून एक रात्र धड झोपले नाही. घर माझंही आहे गं, म्हणून तर पाडण्याआधी मोजून ठेवतेय.

रागव, पण माया कमी करू नकोस.
तुझी टिटवी

ता. २० जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद. आधी पाणी पी.

पुन्हा मोजलं. कपाट धरलं नव्हतं, पलंगही नाही. चौथी शिकले असेन, पण खाट आणि खिडकी यातला फरक कळतो मला. लाकूड वाढलंय ते खरंच वाढलंय. चौकट कुजली होती, बदलली. फळी हाताला येईल अशी खाली घेतली. कठडा केला तो गुडघ्यासाठी; तो धरून मी आता परसात एकटी जाते.

माळ्यावर मी चढले नाही. टेपला दोन टोकं असतात हे बरोबर पकडलंस, शिकवल्याचं चीज झालं. दुसरं टोक सुतारानं धरलं होतं. तोच गं, ज्यानं तुझा पाळणा केला, बायको गेल्यापासून एकटाच असतो तो. आधी चौकट बसवायला आला. मग नीट बसली का बघायला आला. मग नीट बसलीय हे सांगायला आला. बोलतो कमी. मी दोघांचं बोलते.

तुझ्या झोपेचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. फोनवर सांगायला कितीदा तोंड उघडलं, दर वेळी तू माझ्या गुडघ्याच्या विषयावर घसरलीस. आता रात्री कुणी पडलंच, तर उचलायला माणूस आहे. घर घेणाऱ्याला नाही म्हणून कळव. रंगवलेली खोली राहू दे, पाहुणे म्हणून येऊ.

रुसलीस तरी चालेल, तुटू नकोस.
तुझी आई

ता. क. तुझ्या नियमानं सुतार सामानात धरू नकोस. पक्का बसलाय. गेल्या महिन्यात आम्ही लग्न केलं.