नापास लॉटचं टेबल

१९ मे, सोमवार
लाल अक्षरं! नवं सॉफ्टवेअर काल चढवलं आणि आज सकाळी गाडी भरायचा स्क्रीनच उघडेना. 'नापास_लॉट हे टेबल सापडत नाही.' बियाण्यांच्या कंपनीत मे महिन्यात हा स्क्रीन बंद म्हणजे सगळंच बंद. आवारात गाड्यांची रांग.

पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. "मॅडम, असं टेबल आमच्या यादीत नाहीच." बरोबर आहे. ते माझ्या आधी इथले कम्प्युटर बघणाऱ्या जगदेव सरांनी इथंच, हाताने केलेलं. लॅबमध्ये दाणे उगवून बघायचं काम रूपाचं — माझ्याच गावची, अनसिंगची मैत्रीण, रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून येते. जो लॉट नीट उगवत नाही तो ती या टेबलात टाकते. गाडी भरताना कम्प्युटर तिथं बघतो आणि तो लॉट अडवतो.

मॅनेजर दौलतराव साहेब डोक्यावर उभे. "मॅडम, गाड्या थांबून राह्यल्या. कायले येवढा वेळ?" शेवटी त्याच नावाचं एक रिकामं टेबल करून टाकलं. नाव सापडलं, स्क्रीन उघडला! दुपारी गाड्या निघाल्या. जुनं टेबल संध्याकाळी शोधीन.

२० मे
नाही शोधलं. दिवसभर दुसरेच एरर. उद्या नक्की.

२६ मे, सोमवार
आज जे झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

केनवडच्या दुकानदाराचा फोन आला. पेरण्याआधी लोक ओल्या गोणपाटात दाणे ठेवून बघतात, त्यात आमचं बियाणं निम्मंही उगवेना. साहेबांनी रूपाला केबिनमध्ये बोलावलं. मलाही.

"हा लॉट पास काहून केला?"

"मी नापासच टाकला होता, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, कम्प्युटरात हाय का तसं?"

रूपा माझ्याकडे बघत होती. मी स्क्रीनकडे. म्हणाले, "एंट्री दिसत नाही."

एक अक्षर खोटं नाही! दिसत नव्हतीच. ती का दिसत नाही हे मला बोलता बोलताच कळलं होतं — मी केलेलं टेबल कोरंच होतं, अडवणार कुणाला — आणि तरी सांगितलं नाही. माझीच नोकरी दिसली डोळ्यांपुढे. साहेब रूपाला म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

संध्याकाळी ती माझ्या स्कूटरवर बसली नाही. बसने गेली. मी फाटकाशी स्कूटर चालू ठेवून उभी होते, तर माझ्यासमोरून चालत गेली.

२७ मे
एकटी आले, एकटी गेले. वाटेत रडू आलं. काय उपयोग!

२९ मे
सापडलं! पहिल्याच संध्याकाळी करायचं ते आज केलं.

जुना सर्व्हर स्टोअरमध्ये रिकाम्या पोत्यांमागे पडला होता. चालू केला. जगदेव सरांनी ते टेबल स्वतःच्या लॉगिनखाली केलेलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना कंपनीच्या लॉगिनखालचं तेवढं उचललं गेलं, सरांचं मागे राहिलं. हरवलं काहीच नव्हतं. रूपाच्या नोंदी जशाच्या तशा. केनवडला गेलेला लॉटही त्यात — नापास.

साहेबांना सांगितलं, "जुनं टेबल मिळालं. नव्या सॉफ्टवेअरचा घोळ होता." रिकाम्या टेबलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. भित्री कुठली! बियाणं परत मागवायचे फोन लगेच सुरू झाले. पेरण्या अजून व्हायच्या आहेत म्हणून निभावलं.

"मग रूपाला बोलवायचं ना, साहेब?"

"पाहू."

३१ मे
केनवडचं सगळं बियाणं परत आलं. रूपाचं मात्र कुणी नावही काढत नाही. आज मीही काढलं नाही.

आई विचारते, "रूपा नाही दिसून राह्यली वं? भांडल्या का तुमी?" हो म्हणाले. ते सोपं होतं.

१ जून, रविवार
रूपाकडे गेले. ओट्यावर गहू निवडत होती. सगळं सांगून टाकलं — रिकामं टेबल मीच केलं, आणि केबिनमध्ये कळूनही गप्प बसले. तिने मान वर केली नाही.

"कोरं हाय ते मले त्याच दिवशी समजलं. गाड्या निघाच्या आधी. तशीच साहेबाकडं गेली. तो म्हणे, गाड्या भरू दे, तू तोंड बंद ठेव."

म्हणजे साहेबांना माहीत होतं! सगळं माहीत असून त्यांनी मला तिच्यासमोर विचारलं.

"मग केबिनमध्ये बोलली का नाहीस, रूपा?"

"तुले विचारलं होतं न त्यानं. मले वाटलं, तू सांगशील."