तुझ्या डोक्यावर हात ठेवून

दि. ९ जानेवारी २०२५
मुक्काम : पुढे सांगतो

शिवानीच्या आईस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, तुम्हा सगळ्यांची खुशाली रेणुकामातेजवळ मागतो. बाळंतीण कशी आहे? नातवाचं नाक माझ्यावर गेलं म्हणालीस. बाकी तरी देवानं चांगलं दिलं असेल अशी आशा करतो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोन जावयाचा, आणि ते तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतात. मी तुझी तब्येत विचारली की उत्तर विहीणबाई देतात. मला जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही. आपला शेजारी पंचाक्षरी माहूरला दर्शनाला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

मुरुडचं घर ठीक आहे. शेळी पंचाक्षरीच्या बायकोनं तिच्या दारात बांधून घेतलीय. का, ते येतंच पुढे.

तू शिवानीकडे गेल्यावर काही दिवस शेजारच्या डब्यावर काढले. मग एका दुपारी भजी खावीशी वाटली. डोळे मोठे करू नकोस, ऐक. बाजेवर बसून, पुढ्यात शेगडी ओढून तळत होतो. तेवढ्यात दारात एक पोरगी, काखेत फाईल. झालं, म्हटलं, निराधारच्या पगाराची चौकशी आली. तुझीच शिकवण : चौकशीला कुणी आलं की गोधडी ओढून पडायचं, कण्हायचं आणि तुटका पाय दाराच्या बाजूला करायचा. तसाच बेसनाच्या हातानं आडवा झालो. गॅस बंद करायचा राहिला.

पोरगी आत आली. तिनं गॅस बंद केला, कढईतून त्यातल्या त्यात बरं भजं उचलून खाल्लं आणि म्हणाली, "काका, तुम्ही कण्हून राहिले ते ठीक हाय, पण ही भजी कुणी केली?"

मी गोधडीतूनच म्हटलं, "शेजारणीनं."

"मग शेजारणीचा हात लई चांगला हाय. तिला लातूरला काम देते."

तिचं नाव बुद्धप्रिया. लातूरच्या एका संस्थेत आहे. अपघातानं, आजारानं घरी बसलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावायचं तिचं काम. मी आधी तिला हाकललंच. म्हटलं, "काम केलं की पगार बंद. माझ्या पोटावर नको येऊस बाई." ती गोडगोड बोलली नाही हे मला आवडलं. म्हणाली, "कमाई हद्दीच्या वर गेली तर बंद होऊ शकतो. लपवा असं मी म्हणणार न्हाई. पण काम सुटलं तर पुन्हा अर्ज कराया मी तुमच्या संगट येते." ती पुन्हा आली, मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसलो होतो. का बसलो होतो ते मलाही सांगता आलं नसतं.

तर मुक्काम लातूर. शिकवणीच्या पोरापोरींनी शहर भरलंय, आणि त्यांच्यासाठी गल्लोगल्ली मेस आहेत. त्यातली एक रेवणसिद्ध नावाच्या गृहस्थाची. बुद्धप्रियानं त्याच्या मागे लागून शेगड्या खाली घ्यायला लावल्या आणि मला पाठ टेकायची खुर्ची मिळवली. तापलेली भांडी दुसरा माणूस उचलतो. बूट घातल्याशिवाय आत जाऊ देत नाहीत. उरलेल्या पायाचा तळवा रोज आरशात बघतो, तू हातानं चाचपून बघायचीस तसा.

पहिल्या दिवशी वरणाला फोडणी दिली. पोरं जेवली, भांडी रिकामी झाली. निघताना रेवणसिद्ध म्हणाला, "मामा, उद्या येताल ना?" तारा, तीन वर्षांत मला कुणी "उद्या येता का" विचारलं नव्हतं. "आज कसं वाटतंय" एवढंच विचारायचे. मी मोरीपाशी जाऊन तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं.

आता जे टाळत होतो ते. दवाखान्यातून घरी आणलंस त्या दिवशी देवापुढे माझा हात तू आपल्या डोक्यावर ठेवलास आणि वदवून घेतलंस, की पुन्हा आचाऱ्याचं काम करणार नाही. बरोबरच होतं तुझं. साखरेनं पाय बधिर झालेला, निलंग्याच्या लग्नात त्यावर उकळतं तेल सांडलं आणि मी आपला जिलेब्या काढत उभा. कळलं तेव्हा पाय गेलाच होता.

ती शपथ मी मोडली. बसून करतो, उभा राहत नाही, असा वकिली मुद्दा मनाशी काढून पाहिला, पण तो तुझ्यापुढे टिकायचा नाही. त्यात परवा जावई म्हणाले, तुला ताप भरलाय. हात तुझ्या डोक्यावर ठेवलेला, मोडणारा मी, आणि भोगणार तू! त्या दिवसापासून कढईला हात लावलेला नाही. कोपऱ्यात बसून कांदे चिरतो. रेवणसिद्ध म्हणतो, आठवडाभर थांबतो, मग दुसरा आचारी बघावा लागेल.

शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असते. तू नाही म्हणालीस तर मी मुरुडला परत जाईन, रुसणार नाही. पण मला हे काम पाहिजे, तारा. फार पाहिजे.

औषध वेळेवर घे.

तुझा,
ग्यानोबा


दि. १३ जानेवारी, माहूर

शिवानीच्या बाबांस,

नमस्कार. तुमचा पंचाक्षरी पत्र द्यायच्या आधीच दारातून ओरडला, "वैनी, ग्यानोबा लातूरला आचारी झाला की!" विहीणबाईंनी त्याला चहा पाजून बाकीचंही काढून घेतलं. पत्र मी सगळ्यांत शेवटी वाचलं.

ताप थंडीचा होता. पहाटे उठून बाळंतिणीचं पाणी तापवलं की कुणालाही येतो. आता उतरलाय. तुमच्या भज्यांनी मला ताप आला नाही.

मी पायासाठी शपथ घातली हे अर्धंच खरं आहे. लग्नसराईत तुम्ही घरात कधी दिसलात? शिवानी झाली तेव्हा तुम्ही औशाला पंगत वाढत होतात. पाय गेला आणि तुम्ही घरी राहिलात. मी रानातून आले की तुम्ही बाजेवर असायचात, माझ्याशी बोलायचात. लोक हळहळायचे, आणि मी मनातून सुखी होते. गोधडी ओढून पडायला शिकवलं ते एकट्या पगारासाठी नव्हतं. तुम्ही तिकडे तोंड धुवायला गेलात हे वाचलं, आणि मला माझाच राग आला.

तुम्ही मला पत्रात तारा म्हणालात. लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणायचात.

कागदावर शपथ सुटत नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्यानं समोर बसून तोंडानं सोडवावी लागते. संक्रांत झाली की विहीणबाईंच्या हाती बाळंतीण सोपवून निघते, गुरुवारी लातूरला पोचते. तोवर कांदेच चिरा.

आले की आधी तळवा दाखवायचा. आरशावर माझा भरवसा नाही. मग मी डोकं पुढे करीन.

तुमची,
तारा