पान छप्पन्नचा समास

आजरा, ६ जून २०२४

चि. राजवर्धन यास शालूमावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. जुन्या रहस्यकथा तू नव्याने छापतोस याचा आनंद वाटला. 'निळ्या बाटलीचा साक्षीदार' राज्यभर शोधलीस आणि निघाली मावशीच्या ट्रंकेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पार्सलात काजूच्या पिशवीखाली आहे. आधी पुस्तक काढ, मग काजू खा.

एकच अट. समासात पेन्सिलीने लिहिलेलं तुझ्या नजरेखालून जाईलच, पण ते छापायचं नाही. लग्नानंतर भरल्या घरात आम्हा दोघांना बोलायची सोय नव्हती. तुझे काका रात्री एकेक रहस्यकथा वाचायचे आणि खुनी कोण ते समासात लिहायचे. दुपारी मी खाली माझा संशयित लिहायची. मी दर वेळी बाहेरच्यावर संशय घ्यायची आणि हरायची. तुझ्या काकांचं ठरलेलं, "बाहेरचा न्हाय, घरातलाच हाय." पुढे ह्या पुस्तकाच्या समासात खुनाशिवायही बरंच लिहिलं गेलं. ते आमचं दोघांचं.

अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोराकडून शब्द काय मागायचा? प्रत जपून परत पाठव आणि मावशीवरची मया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शालूमावशी

कोल्हापूर, १८ सप्टेंबर २०२४

ती. शालूमावशीस राजवर्धनचा सा. न. वि. वि.

तुझी प्रत परत पाठवतोय, सोबत नवी आवृत्तीही. उघडण्याआधी ऐक. समासातलं सगळं मी छापलंय, तुमच्याच अक्षरात. तू नको म्हणाली होतीस, माहीत आहे. पण नुसती गोष्ट आज कोण वाचतं? खुनी कोण, ते हल्लीची पोरं दहाव्या पानावर ओळखतात. तुमच्या पेन्सिलीवर मात्र सगळे जीव टाकतात. प्रकाशनाला पान छप्पन्न वाचलं तेव्हा बायका रडल्या. आता ते मोबाईलवर फिरतंय. यात लाजण्यासारखं काय आहे? काका असते तर खूश झाले असते.

राग दोन दिवसांचा ठेव आणि दिवाळीला मला बोलाव.

तुझाच,
राजवर्धन

आजरा, २६ सप्टेंबर २०२४

राजवर्धन यास,

पान छप्पन्न तुझ्या पार्सलाआधीच घरी पोचलं. धाकट्या जावेच्या सुनेने, प्रियदर्शनीने, मोबाईलवरून वाचून दाखवलं. मला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं वाचलं, तेव्हा सगळ्या घराने ऐकलं. "मूल हुईना म्हणून सासूबाई दुसरी बघाय लागल्यात. तुमी व्हय म्हटलंय का?" आणि खाली ह्यांचं, "न्हाय."

सासूबाईंना अजून सगळे देवमाणूस म्हणतात. त्यांची ही एक गोष्ट मी पन्नास वर्षं झाकली. आता मेलेल्या बाईची बदनामी केली म्हणून जाऊ माझ्याशी बोलत नाही. आणि ह्यांचं ते 'न्हाय' मला दिलेलं होतं, तुझ्या वाचकांना नाही. वाईट दिवसांत मी ते पान उघडून बघायची. आता उघडवत नाही.

आम्हाला मूल झालं नाही, त्याचं दुःख तू मांडीवर असायचास तेव्हा विसरायला व्हायचं. म्हणून तर तुझ्याकडून शब्द मागितला नाही. तू मला फसवलंस. दिवाळीला येऊ नकोस.

माझी प्रत पोचली. शेवटच्या पानावर थोडी कोरी जागा होती. आज पेन्सिलीला टोक काढून ह्यांच्यासाठी लिहिलं, ह्या खेपेलाही मीच हरले. घरातलाच निघाला.

शालूबाई