गाळलेली गोष्ट

ताई,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पाहून तू रडशील, म्हणून हे पाठवणार नाही.

माझा उजवा हात लुळा पडल्यावर तू रोज उशाशी बसून बायबल वाचायचीस. वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट तेवढी गाळायचीस, हे तू सासरी परतल्यावर स्वतः वाचताना मला कळलं. येशूने त्याला सगळ्यांदेखत हात पुढे करायला लावला आणि तो बरा झाला. मी तर माझा ओढणीखाली लपवत होते.

आज शिवणाच्या दुकानात तो बाहेर काढला, कापडावर ठेवला आणि डाव्या हाताने कात्री चालवली.

"मावशी, जमेल ना?" गिऱ्हाईक म्हणालं.

"कापड दाबायला वजन लागतंच. हे घरचं आहे."

हात तसाच आहे, ताई. पण पुढच्या खेपेला काही गाळू नकोस.

तुझी धाकटी