सरबताची बाटली आणि नदीकडचे दार

मी, खाली अंगठा उमटवणारी, नावाड्याची विधवा, वय पडलेल्या दातांवरून ओळखावे, या मृत्युपत्रात असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. चिरंजीवांना शंका असल्यास त्यांनी आधी स्वतःचे तपासून घ्यावे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, वकीलसाहेब लिहितात. "आजी, हे कायद्यात बसत नाही," असे ते मधूनमधून म्हणतात. बसेल. थोडे सरकून जागा करा.

कलम एक. चिरंजीवांचा रंगाचा कारखाना त्यांचाच आहे. त्यात मी बोट घालत नाही, निळे होईल.

कलम दोन. माझी नात, म्हणजे चिरंजीवांचीच लेक, कॉलेजात शिकवते. आम्ही तिला पाणकोंबडी म्हणतो. आमच्या मागच्या दाराने ती मुलांना नदीत उतरवते आणि पाण्याचे नमुने घ्यायला शिकवते. पहिल्या दिवशी मुले मोज्यांसकट उतरली आणि पायांनी गाळ उठवून त्यातच बाटल्या बुडवू लागली. म्हशी बऱ्या! पाणकोंबडी ओरडली, "अरे, प्रवाहाकडे तोंड करा! बाटली पायांच्या पुढे धरा, आधी त्याच पाण्याने विसळा, आणि दिसेल तेच लिहा." मुलांनी लिहिले: कारखान्याच्या वर नितळ, खाली निळे. तेव्हापासून चिरंजीव हे घर विकायला निघाले आहेत. बाकी काठाला भिंती आहेत. हे दार गेले की मुलांची नदी गेली.

कलम तीन. लेकीला खोटे पाडायला चिरंजीवांनी स्वतः नमुना नेला. सरबताची रिकामी बाटली, न विसळता! तपासणीत नदीत साखर निघाली. तरी मला म्हणतात, "आई, रंग तर नाही ना निघाला?" कुठून निघणार? बाटली भरली कारखान्याच्या वरच्या अंगाला. ती बाटली मी चिरंजीवांना देते. विसळून घ्यावी.

कलम चार. घर, मागचे दार आणि पायऱ्या नातीला. चिरंजीवांची हरकत असल्यास त्यांनी कारखान्याच्या मोरीखाली गुडघाभर पाण्यात उभे राहून, मुलांसमोर बाटली भरावी. दिवस पाणकोंबडी ठरवेल, आधी न सांगता. पाणी नितळ निघाले तर घर त्यांचे.

"आणि निळं निघालं तर, आजी?" वकीलसाहेब विचारतात.

तर विजार धुवायला माझ्या पायऱ्यांवर येऊ नये.

हे सगळे मला वाचून दाखवले. एकही टोमणा गाळलेला नाही.

साक्षीदार: शेजारची सुईण, सही. कोपऱ्यावरचा घड्याळजी, सही.
ठिकाण: नदीकडची खोली. दिनांक: अकरा मार्च.
डाव्या हाताचा अंगठा.

ता. क. अंगठ्याची शाई मी घरातल्या बादलीत धुणार आहे. नदीत रंग सोडायला या घराण्यात एक जण पुरेसा आहे.