जुनं ते कोणतं

पापडी, वसई

प्रिय स्वप्ना,

तुझा मेसेज मिळाला. नाताळात मुलांना वसई दाखवायला येतेस, जुन्या घरांची दोन छोटी हॉटेलं झालीत, ‘जास्त जुनं असेल ते घेऊ, तूच बघून कळव,’ म्हणालीस. गेले बाई. दोन्ही बघून आले. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

किल्ल्याकडचं आधी पाहिलं. मालक मुंबईचे. भिंती पिवळ्याधमक, दारात खोटी तोफ. खोलीत ‘जुन्या वसईचे’ फोटो लावलेत, त्यातल्या होड्या भलत्याच किनाऱ्यावरच्या. आपल्याकडची होडी मला कळत नाही होय? ते काट.

दुसरं इझाबेलचं. तू नुसतं ‘चर्चमागचं’ लिहिलंस. नाव टाळलंस म्हणजे मला कळणार नव्हतं? आपल्या वर्गातलीच ती. आजोबांचं घर तिने कौलांसकट राखलंय, ओटीवर झोपाळासुद्धा तोच. आम्ही मात्र आमचं पाडून स्लॅब टाकला. खोट काढायची म्हणून पलंगाखाली वाकून बघितलं, धुळीचा कण नाही. डास तरी असतील म्हटलं, तर खिडक्यांना जाळ्या. चहाबरोबर तिने सुकेळी ठेवली, उन्हात वाळवलेली आपल्याकडची केळी. मी चावून म्हटलं, आमची याहून मऊ होतात. तर हसली आणि म्हणाली, “अगं जयू, तुझ्याच आईने दिलीत ती, माझ्या पाहुण्यांसाठी!” माझं तोंड बघायला हवं होतंस.

घरी येऊन आईशी भांडले. लग्नानंतरही मी माहेरीच राहिले, त्यामुळे भांडायला आई हाताशी असते. राजेळी केळी सोलायची मी, मांडवावर उन्हात घालायची मी, कावळे हाकायचे मी, आणि पाहुणचार इझाबेलच्या नावावर! आई म्हणाली, “ती मागायला तरी आली. तू स्वप्नाला ये म्हणालीस का?”

हो, जळते मी. पाचवीत इझाबेल आपल्या शाळेत आली तेव्हापासून जळते. तुझ्या डब्यातला माझा वाटा निम्मा झाला. नाताळात तू तिच्याकडे केक खायला जायचीस आणि मी बावखलाकाठी पाण्यात खडे मारत बसायचे. तिने माझं काही वाईट केलं नाही, हेच तर जास्त लागतं. तुझ्या वडिलांची बदली झाली तेव्हा टेम्पो हलला आणि आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो तिकडे तू हात केलास. तो कोणाला होता, हे मी अजून ठरवतेय.

खरं सांगू? इझाबेलचं हॉटेल चांगलं आहे. मनात कितीही असलं तरी खोटं लिहवत नाही. पण तू माझ्या दारावरून हॉटेलात जाशील, हे मला सहन होणार नाही. घर पाडलं तेव्हा तुम्ही भाड्याने राहायचात त्या मागच्या दोन खोल्या मी पाडू दिल्या नाहीत. त्यात केळी पिकवतो म्हणून सगळ्यांना सांगते. काल ह्यांच्याकडून घड बाहेर काढून घेतले, चुना मारला, तुझी खिडकी जोर लावून उघडली. केळ्यांचा वास मात्र जाणार नाही. जास्त जुनं तेच हवं ना तुला? इझाबेल पाचवीतली. मी तर, तू रांगत होतीस तेव्हाची. आता निवड.

तुझीच, सगळ्यांच्या आधीची,
जयवंती